दमेकरी मूल, त्याचा मेंदू आणि औषध निरीक्षकाची रिकामी खुर्ची



आजचा विषय वाचून काही जणांना वाटेल, प्राथमिक शिक्षकाला औषध निरीक्षकाशी काय करायचं आहे? तो अन्न व औषध प्रशासनाचा माणूस, आपण शाळेतली माणसं. पण माझं मत स्पष्ट आहे. ज्या मुलाला दमा आहे, त्या मुलाचं शिकणं जसं आपल्या हातात आहे, तसं काही अंशी त्या निरीक्षकाच्याही हातात आहे. त्याचं पद रिकामं राहिलं तर त्याची झळ आपल्या वर्गापर्यंत येते. हे कसं, ते आज टप्प्याटप्प्याने बघू.

दमा छातीत असतो, पण थांबत नाही तिथेच

वसई-विरार पट्ट्यात राहणाऱ्यांना बालदमा समजावून सांगायची गरज नाही. महामार्गाची धूळ, वालीव-सातिवलीकडच्या गाळ्यांचा धूर आणि पावसाळ्यात चाळीच्या खोल्यांत भिंतींना धरणारी ओल व बुरशी. जून-जुलैत आणि पुन्हा दिवाळीच्या आसपास वर्गात खोकण्याचे आवाज वाढतात. काही मुलांचा खोकला आठ दिवसांत जातो. काहींचा जात नाही. रात्री वाढतो, पळाल्यावर वाढतो, छातीत घरघर होते, धाप लागते.

दम्यात श्वासनलिकेला आतून सूज येते, नळी अरुंद होते आणि चिकट कफ साठतो. हवा आत-बाहेर करायला मुलाला कष्ट पडतात. आता मेंदूचं बघा. माणसाच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम 2 टक्के, पण शरीर वापरतं त्या प्राणवायूपैकी साधारण 20 टक्के एकटा मेंदू वापरतो. शिवाय दिवसभर शिकलेलं पक्कं करण्याचं बरंचसं काम मेंदू झोपेत करतो. जे मूल रात्री तीनदा खोकत उठून बसतं, त्याची झोप तर तुटतेच, पण आदल्या दिवशी शिकवलेला पाढाही नीट मुरत नाही. सकाळी ते वर्गात येतं, पेंगतं, आणि प्रगतिपुस्तकात शेरा पडतो, 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.'

संशोधन काय सांगतं?

ही नुसती शिक्षकांची समजूत नाही. दमा आणि विचारशक्ती यांवर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. दमा असलेल्या लोकांत लक्ष, स्मरण, नियोजन अशा बौद्धिक कामांत सरासरी कमतरता दिसते आणि दमा तीव्र असेल तर ती जास्त दिसते, असा त्याचा सूर होता.

त्यानंतर 2024 मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतील संशोधकांनी 9-10 वर्षांच्या मुलांचा अभ्यास मांडला. म्हणजे आपली चौथी-पाचवीची मुलं. दोन हजारांहून जास्त मुलांच्या माहितीत दमा असलेल्या मुलांचे स्मरणाच्या चाचण्यांतील गुण सरासरी कमी आढळले. ज्यांना दमा लहान वयात सुरू झाला होता, त्यांची स्मरणशक्ती पुढच्या दोन वर्षांत इतरांपेक्षा हळू वाढली. याचं कारण काय असू शकतं? संशोधकांनी काही शक्यता मांडल्या आहेत: दीर्घकाळ राहणारी सूज, झटक्यांच्या वेळी मेंदूला होणारा प्राणवायूचा अपुरा पुरवठा, आणि काही औषधांचा परिणाम.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगते. याचा अर्थ 'दम्याची मुलं मठ्ठ असतात' असा मुळीच नाही. ही सरासरी आहे. दमा नीट आटोक्यात असलेली कितीतरी मुलं वर्गात पहिली येतात, मैदानावर धावतात. मुद्दा 'आटोक्यात' या शब्दाचा आहे. दमा आटोक्यात ठेवतं कोण? योग्य निदान, डॉक्टर, पालक आणि खरं, दर्जेदार औषध.

औषध खरं असणं इतकं महत्त्वाचं का?

दम्याच्या पंपात औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका मिलिग्रॅमचा हजारावा भाग. साल्ब्युटामॉलच्या नेहमीच्या पंपातून एका दाबाला 100 मायक्रोग्रॅम औषध बाहेर पडतं. त्याचे कण इतके बारीक असावे लागतात की ते घशात न अडकता थेट फुप्फुसात उतरतील. कण मोठे झाले तर औषध घशातच बसतं आणि मुलाच्या छातीपर्यंत काहीच पोहोचत नाही. आता सांगा, हे पालकाला डोळ्यांनी दिसेल का? डबी तीच, रंग तोच, 'फुस्स' आवाजही तोच. प्रयोगशाळेशिवाय हे कळायचा मार्ग नाही.

दुसरी बाजू औषधाच्या मेंदूवरील परिणामाची. माँटेलुकास्ट हे औषध दम्याला आणि ॲलर्जीच्या सर्दीला सर्रास दिलं जातं. लहान मुलांसाठी ते पातळ औषधाच्या रूपातही मिळतं. काही मुलांत या औषधाने वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार असे परिणाम दिसल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं जमत गेल्या. शेवटी मार्च 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधावर चौकटीतला, म्हणजे सर्वांत कडक इशारा छापणं बंधनकारक केलं. याचा अर्थ औषध वाईट आहे असा नाही, आणि कोणी ते स्वतःच्या मनाने बंद करू नये. पण हे औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, आणि ते घेणारं मूल अचानक चिडकं किंवा घाबरट झालं तर डॉक्टरांना सांगायचं, इतकं तरी पालकांना ठाऊक हवं. प्रत्यक्षात काय होतं? 'मागच्या वेळची चिठ्ठी आहे, तेच द्या' असं म्हटलं की मेडिकलवर पाकीट मिळतं.

तिसरा प्रकार पुडीचा. 'देशी औषध, मुळापासून दमा बरा' असं सांगून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार देशात वारंवार उघड झालेत. त्यामुळे दोन दिवसांत बरं वाटतं आणि पालकांचा विश्वास बसतो. पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये थेट फुप्फुसात जातं. पुडीतलं पोटातून सगळ्या शरीरात फिरतं आणि किती घेतलं याचा हिशेबच नसतो. मग चेहरा सुजतो, उंची खुंटते, झोप आणि मनःस्थिती बिघडते. अचानक बंद केलं तर जिवाला धोका होऊ शकतो. गंमत बघा, लोक डॉक्टरांनी दिलेल्या पंपाला घाबरतात, 'सवय लागेल' म्हणतात, आणि पुडी निर्धास्त घेतात. आपल्या औषध नियमांच्या 'शेड्यूल जे'मध्ये ज्या आजारांबाबत बरं करण्याचा दावा औषधाने करायचा नाही अशी यादी आहे. त्यात दम्याचं नाव आहे. कायदा आहे. तो पाळला जातोय का हे बघणारा माणूस हवा.

तो माणूस म्हणजे औषध निरीक्षक

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 चा. या कायद्याने निरीक्षकाला कारखाना, गोदाम आणि दुकान तपासण्याचा, नमुना घेण्याचा आणि संशयित माल थांबवण्याचा अधिकार दिला आहे. नमुना घेताना तो साधारणपणे चार भागांत विभागून सीलबंद करायचा, एक भाग ज्याच्याकडून घेतला त्याला द्यायचा, एक सरकारी विश्लेषकाकडे पाठवायचा. पुढे खटला चालला तर न्यायालयात जायचं. मेडिकलमध्ये फार्मासिस्ट हजर आहे का, चिठ्ठीवरची औषधं चिठ्ठीवरच विकली जातात का, खरेदीची बिलं जुळतात का, मुदत संपलेला माल वेगळा ठेवला आहे का, हे सगळं त्यानेच बघायचं.

आता प्रमाणाचं गणित करू. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने 2003 मध्ये शिफारस केली होती की 50 कारखान्यांमागे एक आणि 200 विक्री दुकानांमागे एक निरीक्षक असावा. आपल्याला शिक्षण हक्क कायद्यातलं 30 मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण माहीत आहे. हेही तसंच.

समजा एका निरीक्षकाकडे 200 दुकानं आहेत आणि सुट्ट्या वगळून वर्षाला 240 कामाचे दिवस. रोज एक दुकान नीट तपासलं तर 200 दिवस गेले. उरलेल्या 40 दिवसांत नमुने, अहवाल, परवान्यांची कामं, तक्रारी आणि कोर्टाच्या तारखा. म्हणजे शिफारशीतलं प्रमाणसुद्धा आरामाचं नाही. आता त्याच्या शेजारची दोन पदं रिक्त असतील तर त्याच्याकडे 600 दुकानं येतील. एका दुकानाची पाळी तीन वर्षांनी! कागदावर याला 'अतिरिक्त कार्यभार' म्हणतात. हा शब्द आपल्याला नवा नाही. दोन केंद्रांचा कार्यभार असलेला केंद्रप्रमुख किंवा जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर एकटा जोडवर्ग सांभाळणारा शिक्षक आठवा. माणूस वाईट नसतो, पण तो एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही.

आपल्या पालघर जिल्ह्यात तर दोन्ही प्रकारची कामं आहेत. एका टोकाला बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने आणि दुसऱ्या टोकाला वसई, नालासोपारा, विरारमध्ये गल्लोगल्ली मेडिकल. 2025 मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यासाठी औषध निरीक्षकांच्या 109 पदांची जाहिरात काढली. पदं भरली जात आहेत ही चांगलीच गोष्ट. पण एवढी पदं एकदम भरायची वेळ येते, म्हणजे ती दीर्घकाळ रिकामी राहिली होती, हेही त्यातून दिसतं.

नजर सुटली की काय होतं?

उदाहरणं आपल्याच राज्यातली आणि शेजारची आहेत.

पहिलं 1986 चं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले. मेंदूवरचा आणि डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. खरेदीपासून तपासणीपर्यंतची ढिलाई आणि लाचखोरी चव्हाट्यावर आली. तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं.

दुसरं नागपूरकडचं. कळमेश्वर तालुक्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रातून सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांचा नमुना 2023 मध्ये घेतला गेला. गोळ्यांत औषधच नसल्याचा अहवाल आला डिसेंबरमध्ये. पुढच्या तपासात स्टार्च आणि टाल्कम पावडरची गोष्ट समोर आली. निरीक्षकाने नमुना घेतला म्हणून हे उघडकीला आलं, हे लक्षात घ्या. पण अहवालाची वाट पाहताना गेलेल्या दिवसांत किती रुग्णांनी त्या गोळ्या विश्वासाने गिळल्या असतील?

तिसरं अगदी अलीकडचं. सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधाने 20 हून अधिक लहान मुलं गेली. त्यातल्या अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणलं होतं. तमिळनाडूच्या प्रयोगशाळेला त्या औषधात 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. मर्यादा 0.1 टक्के असते. जे. जे. नंतर जवळपास 40 वर्षांनी तेच रसायन, आणि या वेळी मुलं.

आता याचा दम्याशी संबंध लावू. भारतातल्या एका मोठ्या सर्वेक्षणात, ज्यांच्या छातीत घरघर होते अशांपैकी 82 टक्के लोकांना दमा असल्याचं निदानच झालेलं नव्हतं. मग त्या घरांत काय होत असेल? 'सर्दी-खोकला आहे' म्हणून खोकल्याच्या औषधाची बाटली आणायची. महिन्याभराने दुसरी, मग तिसरी. ज्या मुलाला पंपाची गरज आहे, तेच मूल सर्वांत जास्त बाटल्या रिचवतं. म्हणजे तपासणी कमी पडली की सर्वांत जास्त धोका याच मुलाला. निदान चुकलं, औषधही चुकलं, आणि त्या औषधाचा दर्जा बघणाराही कोणी नाही.

'इन्स्पेक्टर राज' नको, मान्य. मग काय?

या मतावर एक आक्षेप हमखास येतो. 'निरीक्षक वाढवले की हप्ते वाढतील, दुकानदारांना त्रास वाढेल.' हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. लेंटिन आयोगाच्या चौकशीत अधिकारी होतेच की! फक्त माणसं असून भागत नाही, हे खरं. पण त्यावर उपाय पदं रिकामी ठेवणं हा नाही. शाळेत एखादा शिक्षक नीट शिकवत नाही म्हणून आपण शिक्षकाची जागाच बंद करा म्हणतो का?

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. 1 ऑगस्ट 2023 पासून 300 मोठ्या ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. चांगलं पाऊल आहे. पण कोड वेष्टणाबद्दल सांगतो. आतल्या पंपातून किती मायक्रोग्रॅम औषध बाहेर पडतं, ते कोड सांगत नाही. त्यासाठी नमुना आणि प्रयोगशाळाच लागते.

म्हणून माझ्या मते तीन गोष्टी एकत्र व्हायला हव्यात. एक, निरीक्षकांची पदं मंजूर प्रमाणात भरावीत आणि निवृत्तीने रिकामी होणारी पदं आधीच हेरून भरती करावी. दोन, प्रयोगशाळांची क्षमता वाढवून नमुन्याचा अहवाल दिवसांत मिळावा, त्याला महिने लागू नयेत. तीन, कोणत्या तालुक्यात किती तपासण्या झाल्या, किती नमुने फेल गेले, हे दर तीन महिन्यांनी लोकांना मराठीत वाचायला मिळावं. शाळेचा यू-डायस सगळ्यांना बघता येतो, मग औषध तपासणीचा हिशेब का नको? उघड हिशेब असला की चांगल्या निरीक्षकाचं काम दिसतं आणि हप्तेखोराला लपायला जागा राहत नाही.

तोवर शाळेत आणि घरी काय करता येईल?

1. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्या पालघरमध्येच झाली. त्यात तपासायच्या 30 आजारांच्या यादीत श्वासनलिकेचा हा त्रास आहे. पथक शाळेत येईल तेव्हा वारंवार खोकणाऱ्या, खेळताना धाप लागणाऱ्या मुलांची नावं आधीच काढून ठेवा.

2. दमा असलेल्या मुलाचा पंप कुठे आहे, त्याची मुदत कधी संपते, हे वर्गशिक्षकाला माहीत असावं. पंप उन्हात, खिडकीत ठेवू देऊ नये. मुलगा पंप वापरतो म्हणून बाकीची मुलं चिडवत असतील तर ते लगेच थांबवावं.

3. पालकसभेत सांगा: औषध चिठ्ठीवरच घ्या, बिल घ्या, बॅच नंबर दिसतो का बघा. पुडीवर औषधाचं नाव, उत्पादक, मुदत काहीच नसेल तर ती घरात आणू नका.

4. औषधाचा दुष्परिणाम वाटला तर आधी डॉक्टरांना सांगा. त्याची नोंद सामान्य माणूससुद्धा 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर करू शकतो. माँटेलुकास्टची गोष्ट आठवा. लोकांनी कळवलं म्हणूनच तो इशारा छापला गेला.

5. औषधाच्या दर्जाबद्दल शंका असेल तर कायद्याचं कलम 26 लक्षात ठेवा. विकत घेतलेलं औषध ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क कोणत्याही ग्राहकाला आहे.

6. दमा असलेलं मूल पेंगत असेल तर शेरा लिहिण्याआधी विचारा, 'रात्री झोप लागली का रे बाळा?'

भारतात सुमारे 3 कोटी 43 लाख लोकांना दमा असल्याचा 2019 चा अंदाज आहे. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण 13 टक्के आपल्याकडे, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी 42 टक्के आपल्याकडे. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे न झालेलं निदान, न मिळालेला पंप, अर्धवट सोडलेले उपचार. यातलं सगळंच एका निरीक्षकाने भरून निघणार नाही. पण मुलाने ओढलेल्या प्रत्येक दाबात खरोखर औषध आहे, एवढी खात्री तरी सरकारने द्यायला हवी, आणि ती खात्री देणारा माणूस पगारपत्रकावर असायला हवा.

शिक्षक भरती रखडली की आपण निवेदनं देतो, पवित्र पोर्टलची चर्चा करतो, आणि ते योग्यच आहे. पुढच्या ग्रामसभेत, वॉर्डच्या बैठकीत किंवा शाळा व्यवस्थापन समितीत एक प्रश्न आणखी विचारूया: आपल्या तालुक्याला औषध निरीक्षक किती मंजूर आहेत आणि प्रत्यक्षात किती काम करतायत? उत्तर लेखी मागा.

हा लेख आवडला तर आपल्या पालकांच्या गटावर जरूर पाठवा.